पायथनमध्ये लिस्टचे समान तुकडे पाडणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला फक्त कामापुरतं उत्तर हवंय. काय लिहू?

```
तुकडे = [यादी[सुरू : सुरू + माप] फॉर सुरू इन रेंज(०, लेन(यादी), माप)]
```

माप म्हणजे एका तुकड्यात किती घटक हवेत तो आकडा. पायथन ३.१२ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर आयटरटूल्स या पायथनसोबतच येणाऱ्या मॉड्यूलमधलं बॅच्ड(यादी, माप) हेच काम करतं. दोन्हीत शेवटचा तुकडा लहान निघू शकतो. तुम्हाला ते चालणार असेल तर काम झालं, पुढचं वाचायची गरज नाही. चालणार नसेल किंवा चालेल की नाही याचा विचारच केला नसेल, तर खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

हा कोड असाच चिकटवला तर चालेल?

नाही. फॉर, इन, रेंज, लेन हे शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टाइप करताना ते रोमन अक्षरांतच लिहायचे. यादी, माप, सुरू ही नावं मात्र आपण ठेवलेली आहेत आणि पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत असलं तरी चालतं. आकड्यांना ही सवलत नाही. कोडमध्ये देवनागरी ३ लिहिला की सिंटॅक्स एरर येतो. गंमत म्हणजे तोच ३ अवतरणचिन्हांत घालून इंट() ला दिला, तर तो बिनतक्रार तीन धरतो.

वरची ओळ नेमकं काय करते?

समजा वर्गात ६६ विद्यार्थी आहेत आणि प्रॅक्टिकलसाठी वीस-वीसच्या बॅच पाडायच्या आहेत. रेंज(०, ६६, २०) मधून ०, २०, ४० आणि ६० हे आकडे निघतात. त्यातला प्रत्येक आकडा एका बॅचची सुरुवात. मग ० ते २०, २० ते ४०, ४० ते ६० आणि ६० ते ८० असे चार स्लाइस (यादीतून कापलेले भाग) घेतले जातात.

आता ६० ते ८० कसं काय, यादीत तर ६६ च नावं आहेत? यादी[८०] असं मागितलं असतं तर इंडेक्स एरर आला असता. स्लाइस मात्र यादीबाहेर गेला तरी कुरकुर करत नाही, जेवढं आहे तेवढं देतो. म्हणून शेवटच्या बॅचमध्ये ६ जण येतात आणि वेगळा इफ लिहावा लागत नाही. इतर भाषांमधून आलेले लोक शेवटच्या तुकड्यासाठी हमखास एक जादा अट घालतात. ती काढून टाका.

स्लाइसमध्ये शेवटचा आकडा धरला जात नाही, याचाही इथे फायदा होतो. एका बॅचचा शेवट २० आणि पुढचीची सुरुवातही २०, तरी कुणी दोनदा येत नाही आणि कुणी सुटत नाही. अधिक एक, वजा एक करत बसावं लागत नाही.

शेवटच्या लहान तुकड्याचं काय करायचं?

कोड लिहिण्याआधी ठरवायची गोष्ट ही आहे. समान तुकडे पाडायच्या पद्धती दहा सापडतील, पण त्यांच्यातला खरा फरक वेगाचा किंवा ओळींच्या संख्येचा नसतो. उरलेल्या घटकांशी त्या कशा वागतात, यात तो असतो. पर्याय चार आहेत.

पहिला, लहान तुकडा तसाच ठेवायचा. बहुतेक वेळा हेच बरोबर असतं, कारण बहुतेक वेळा आपण तुकडे पाडतो ते समोरच्याने घातलेल्या कमाल मर्यादेसाठी. अॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवणुकीच्या सेवेत एका विनंतीत जास्तीत जास्त १००० वस्तू पुसता येतात, एसक्यूएस या निरोपांच्या रांगेत एका वेळी १० निरोप पाठवता येतात, डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये एका बॅच-राइटला २५ नोंदी. शेवटच्या खेपेला २५ ऐवजी ४ गेल्या तर कुणाचं काही बिघडत नाही.

दुसरा, रिकाम्या जागा भरायच्या. आयटरटूल्समधल्या झिप_लाँगेस्टला फिलव्हॅल्यू देऊन ते होतं. तक्ता छापायचा असेल, प्रत्येक ओळीत सहा खाने हवेतच असतील, तर हे योग्य. फिलव्हॅल्यू दिली नाही तर जागा नन (पायथनची ‘काहीच नाही’ ही किंमत) ने भरल्या जातात. तुमच्या डेटातही नन असतील, तर खरा कुठला आणि भरलेला कुठला हे नंतर ओळखता येत नाही. अशा वेळी ऑब्जेक्ट() वापरून स्वतःची वेगळी खूण तयार करा.

तिसरा, उरलेले टाकून द्यायचे. झिप आणि आयटरची जी करामत पुढे सांगितली आहे ती हेच करते, आणि न सांगता करते. ६६ पैकी ६ विद्यार्थी कुठल्याच बॅचमध्ये नाहीत आणि स्क्रीनवर एकही एरर नाही. मुद्दाम तसंच हवं असेल तर वापरा, नाहीतर या पद्धतीपासून लांब राहा.

चौथा, अपुरा तुकडा म्हणजे चूकच मानायची. समजा फाइलमधली प्रत्येक नोंद चार आकड्यांची आहे आणि शेवटी तीनच आकडे सापडले. म्हणजे फाइल अर्धवट उतरली आहे. तिथे गुपचूप पुढे जाण्यापेक्षा प्रोग्राम थांबलेला बरा. पायथन ३.१३ पासून बॅच्डला स्ट्रिक्ट=ट्रू देता येतं आणि शेवटचा गट अपुरा निघाला तर व्हॅल्यू एरर येतो. झिपला हीच सोय ३.१० पासून आहे.

बॅचमध्ये किती जण हे ठरलेलं नाही, बॅच चारच हव्यात एवढं नक्की आहे. तर?

मग हा प्रश्नच वेगळा आहे. ‘वीस-वीसच्या बॅच’ आणि ‘चार बॅच’ ऐकायला जवळचे वाटतात. वीस-वीसच्या केल्या तर २०, २०, २० आणि ६ होतात, शेवटच्या बॅचला अख्खी लॅब मोकळी. चार सारख्या केल्या तर १७, १७, १६, १६.

बरेच जण एकूण भागिले चार करून वरच्या पूर्णांकापर्यंत नेतात आणि ते माप पहिल्या ओळीत घालतात. ६६ साठी १७ येतात आणि १७, १७, १७, १५ असे तुकडे पडतात, म्हणजे निभावून जातं. आता ९ जणांचे ४ गट करून बघा. नऊ भागिले चार, वर नेलं की ३. तीन-तीनचे गट केले की तीनच गट होतात, चौथा बनतच नाही! पुढच्या कोडने चार गट गृहीत धरले असतील तर तो तिथे कोसळतो. तपासताना आपण सहसा गोल आकडे घेतो, त्यामुळे ही चूक लवकर सापडत नाही.

नीट करायचं तर बाकी वाटून टाकायची:

```
भाग, बाकी = डिव्हमॉड(लेन(यादी), संख्या)
गट = [यादी[क*भाग + मिन(क, बाकी) : (क+१)*भाग + मिन(क+१, बाकी)]
      फॉर क इन रेंज(संख्या)]
```

६६ ला ४ ने भागलं की भाग १६, बाकी २. पहिल्या दोन गटांना एकेक जण जास्त. मिन(क, बाकी) म्हणजे आतापर्यंत किती जादा जण वाटून झाले त्याची मोजदाद. सीमा येतात ०, १७, ३४, ५०, ६६. कागदावर एकदा करून बघा, मग ही ओळ परत पाठ करावी लागणार नाही. ९ जणांना हीच ओळ ३, २, २, २ असे वाटते. आणि ३ जणांचे ४ गट मागितले तर शेवटचा गट रिकामा येतो. तो चालेल का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

यादी[क::संख्या] असंही लिहिलेलं दिसतं. ते हेच का?

गटांचे आकार तेच येतात, पण माणसं वेगळी. हे पत्ते वाटल्यासारखं आहे, एक याला, एक त्याला. चार गट असतील तर पहिल्यात रोल नंबर १, ५, ९, १३ असे जातात. यादी गुणांप्रमाणे लावलेली असेल आणि प्रत्येक गटात हुशार-कच्चे मिसळलेले हवे असतील तर याहून सोपी युक्ती नाही. क्रम टिकवायचा असेल, पानं पाडायची असतील, तर मात्र अजिबात उपयोगाची नाही.

झिप, स्टार आणि आयटरची ती एक ओळीची करामत कशी चालते?

```
झिप(*[आयटर(यादी)] * ३)
```

पहिल्यांदा बघणाऱ्याला हे कोडंच वाटतं. आयटर(यादी) ने एक आयटरेटर, म्हणजे पुढचा घटक एकेक करून देणारा, बनतो. तो लिस्टमध्ये घालून तिनाने गुणला की तीन वेगळे आयटरेटर होत नाहीत, एकाच आयटरेटरकडे बोट दाखवणाऱ्या तीन जागा होतात. झिप पहिल्या जागेकडून एक घटक घेतो, दुसरीकडून एक, तिसरीकडून एक. पण तिन्ही जागा एकाच रांगेतून उचलत असल्यामुळे त्याला पहिला, दुसरा, तिसरा असे लागोपाठचे घटक मिळतात. पुढच्या फेरीत चौथा, पाचवा, सहावा. झिप डावीकडून उजवीकडेच जातो याची हमी पायथनच्या अधिकृत माहितीत दिलेली आहे, त्यामुळे हे नशिबावर अवलंबून नाही.

आयटर लिहायचं राहिलं तर तिन्ही जागा यादी पहिल्यापासून वाचतात आणि प्रत्येक घटक तीनदा मिळतो.

माझं मत विचाराल तर ही ओळ समजून घ्या, आयटरेटर म्हणजे काय हे तिच्यातून फार चांगलं कळतं. पण चार जण मिळून काम करता त्या कोडमध्ये ती लिहू नका. उरलेले घटक गिळते हे एक कारण, आणि सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला दहा मिनिटं थांबवते हे दुसरं.

बॅच्ड इतकं सोपं असताना बाकीचं कशाला शिकायचं?

नवीन आवृत्ती हाताशी असेल तर बॅच्डच वापरा, वाद नाही. ते ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मध्ये आलं. त्याआधी पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत या कामासाठी तयार फंक्शनच नव्हतं. रूबीत इच_स्लाइस आणि कॉट्लिनमध्ये चंक्ड कधीपासून होतं, पायथनवाले मात्र आपापली रेसिपी लिहीत होते. आजही कितीतरी सर्व्हरवर जुनी आवृत्ती चालू असते, म्हणून बाकीचं माहीत असलेलं बरं.

बॅच्डची एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यातून मिळणारे तुकडे लिस्ट नसतात, टपल असतात, म्हणजे बदल न करता येणाऱ्या याद्या. पुढे कुठे अपेंड करणार असाल तर आधी लिस्ट() मध्ये घाला. मोअर_आयटरटूल्स हे वेगळं पॅकेज आधीच वापरत असाल तर त्यातलं चंक्ड थेट लिस्ट देतं.

माझ्याकडे लिस्ट नाही, जनरेटर आहे. लेन() वर टाइप एरर येतो.

येणारच. जनरेटर घटक साठवून न ठेवता मागितल्यावर एकेक देतो, त्यामुळे त्याला आपल्यात किती घटक आहेत हे माहीत नसतं, आणि त्याचे स्लाइसही घेता येत नाहीत. आधी लिस्ट() करून घ्या असा सल्ला सर्रास दिला जातो. छोट्या डेटासाठी तो ठीक आहे. काही जीबीची लॉग फाइल असेल तर त्या एका शब्दाने सगळी फाइल मेमरीत येऊन बसते, आणि तुकडे पाडायचे होते ते नेमकं हेच टाळायला! बॅच्ड इथे सरळ चालतं, कारण ते एका वेळी एका तुकड्यापुरतंच वाचतं. ३.८ ते ३.११ मध्ये असाल तर:

```
धागा = आयटर(स्रोत)
व्हाइल तुकडा := टपल(आयस्लाइस(धागा, माप)):
    काम(तुकडा)
```

आयस्लाइस हाही आयटरटूल्समधलाच, तो पुढचे ठरावीक घटक उचलतो. स्रोत संपला की त्यातून काही येत नाही, रिकामा टपल फॉल्स धरला जातो आणि लूप थांबतो. आयटर() लूपच्या बाहेर असणं महत्त्वाचं. आयस्लाइसला थेट लिस्ट दिलीत तर तो दर वेळी पहिल्यापासून सुरू करेल आणि लूप कधीच थांबणार नाही.

पहिल्या लूपमध्ये तुकडे नीट दिसले, दुसऱ्या लूपमध्ये काहीच नाही. का?

तुमचे तुकडे जनरेटरमधून किंवा बॅच्डमधून येत आहेत, आणि ते एकदाच वाचता येतात. दोनदा फिरायचं असेल तर लिस्ट(बॅच्ड(यादी, माप)) असं साठवून ठेवा. डीबग करताना मध्येच प्रिंट(लिस्ट(तुकडे)) टाकल्यामुळेही हे होतं. दिसलं सगळं, पण खालच्या लूपसाठी काही उरलं नाही.

माप चुकून शून्य किंवा ऋण आलं तर?

शून्य आलं तर रेंज लगेच व्हॅल्यू एरर देतो, ते बरं. ऋण माप जास्त घातक. रेंज(०, ६६, -५) मध्ये एकही आकडा नसतो, त्यामुळे उत्तर रिकामी लिस्ट येतं आणि कुठेही बोंब होत नाही. बॅच्ड मात्र १ पेक्षा लहान माप थेट नाकारतं. स्वतःचं फंक्शन लिहीत असाल तर सुरुवातीलाच तपासा. पण त्या फंक्शनमध्ये यील्ड असेल, म्हणजे ते जनरेटर देत असेल, तर तपासणी फंक्शन बोलावताक्षणी होत नाही, पहिला तुकडा मागाल तेव्हा होते. मग एरर भलत्याच ओळीवर दिसतो आणि माणूस तिथे शोधत बसतो.

तुकड्यात बदल केला तर मूळ यादी बदलेल का?

घटक काय आहे त्यावर ते अवलंबून. स्लाइसमुळे नवी लिस्ट बनते, पण आतले घटक तेच असतात. तुकडा[०] = ‘नवीन’ केलंत तर मूळ यादीला धक्का लागत नाही. घटक डिक्शनरी असेल आणि तिच्यातली एखादी किंमत बदललीत, तर ती दोन्हीकडे बदललेली दिसेल.

प्रत्येक वेळी पुढचे घटक घेऊन मूळ यादीतून डेल करत (काढून टाकत) गेलं तर? समजायला सोपं वाटतं.

सोपं आहे, पण लिस्टच्या पुढून काही काढलं की मागचे सगळे घटक पुढे सरकवावे लागतात. दहा हजार नोंदींत जाणवणार नाही, पन्नास लाखांत जाणवेल. शिवाय शेवटी मूळ यादी रिकामी होते, आणि ती ज्याने तुमच्या फंक्शनला दिली त्याला याची कल्पना नसते.

नमपायचं अॅरे_स्प्लिट वापरू का?

डेटा आधीच नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत असेल तर जरूर. त्याला गटांची संख्या द्यायची असते, गटाचं माप नाही, ही गल्लत फार होते. ६६ आणि ४ दिलेत तर वरच्या डिव्हमॉडसारखेच १७, १७, १६, १६ मिळतात. नुसतं स्प्लिट वापरलं तर सारखे भाग होत नाहीत म्हणून एरर येतो.

साध्या लिस्टसाठी नमपाय आणू नका. आकडे आणि अक्षरं मिसळलेली लिस्ट दिली की सगळ्याच्या स्ट्रिंग होतात. नुसते पूर्णांक असले तरी बाहेर येणारे घटक नमपायच्या प्रकारचे असतात, आणि पुढे जेसनमध्ये लिहायला गेलात की टाइप एरर.

डेटाबेसच्या क्वेरीसाठी माप किती धरू?

एस्क्यूलाइट या डेटाबेसमध्ये एका क्वेरीत किती प्रश्नचिन्हं (किंमती भरायच्या जागा) चालतात याला मर्यादा आहे. ३.३२.० या २०२० च्या आवृत्तीआधी ती मुळात ९९९ होती, आता ३२७६६ आहे. मर्यादा ओळींची नसून प्रश्नचिन्हांची आहे. प्रत्येक ओळीत तीन कॉलम भरत असाल तर ९९९ मध्ये ३३३ ओळीच बसतात. माप काढताना आधी कॉलमच्या संख्येने भागा.

स्ट्रिंगचेही असेच तुकडे पडतात का? मराठी मजकुराचे?

पडतात, आणि मराठीत वेडेवाकडे पडतात. स्लाइसला अक्षर कळत नाही, युनिकोडचे कोडपॉइंट कळतात. लेन(‘पुणे’) चं उत्तर २ नाही, ४ येतं, कारण प, उकार, ण आणि मात्रा असे चार वेगळे मोजले जातात. तीन-तीनचे तुकडे केलेत तर पहिला ‘पुण’ आणि दुसऱ्यात एकटी मात्रा, स्क्रीनवर ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली.

रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज मिळतं. त्यात उलटी तिरकी रेघ आणि मोठा एक्स हा पॅटर्न दिला की काना-मात्रा आपल्या अक्षराला धरून राहतात. त्याची लिस्ट करा आणि मग त्या लिस्टचे तुकडे पाडा. जोडाक्षरांच्या बाबतीत जपून. ती एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमांवर चालणाऱ्या लायब्ररीत ‘स्त्री’ मध्येच तुटते.

बाइट्सचे तुकडे करत असाल तर आणखी त्रास. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइटचा. १००० बाइटचा तुकडा तोडला की बहुतेक वेळा शेवटचं अक्षर अर्धवट राहतं आणि डीकोड करताना एरर येतो. आधी डीकोड करा, मग तोडा.

एसएमएसचे तुकडे मोजणाऱ्यांसाठी: इंग्रजी मजकुराला १६० ची मर्यादा असते, देवनागरीला ७० ची. देवनागरी मजकूर त्याहून लांब गेला आणि जोडून पाठवला की प्रत्येक तुकड्यात ६७ च बसतात. देवनागरीसाठी हे आकडे कोडपॉइंटप्रमाणे, म्हणजे इथे लेन() चं उत्तर बरोबर ठरतं.

फंक्शन लिहिलं. तपासू कसं?

रिकामी यादी देऊन बघा (उत्तर रिकामी लिस्ट हवी, आत एक रिकामा तुकडा असलेली नको). मग एकच घटक, मापाच्या बरोबर पटीत, पटीपेक्षा एक कमी, एक जास्त, आणि यादीपेक्षा मोठं माप. प्रत्येक वेळी सगळे तुकडे परत जोडून मूळ यादीशी ताडून पाहा. गळलेले आणि दोनदा आलेले घटक यातच सापडतात.

पांडाजमध्ये?

डेटाफ्रेमला (पांडाज लायब्ररीतल्या तक्त्याला) आयलॉक लावून तीच पहिली ओळ चालते. फाइल मोठी असेल तर रीड_सीएसव्ही ला चंकसाइज द्या, ती तुकड्यातुकड्यानेच वाचली जाते.

मल्टिप्रोसेसिंगच्या पूलला काम देण्याआधी हाताने तुकडे पाडावेत का?

सहसा नको. पूलच्या (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसेसच्या गटाच्या) मॅपला चंकसाइज हा पर्याय आहे आणि दिला नाही तरी तो स्वतःच माप ठरवून तुकडे पाडतो. तुमच्या फंक्शनलाच एका वेळी अख्खा गट हवा असेल, जसं की एका डेटाबेस जोडणीत शंभर नोंदी, तेव्हाच आधी गट करून पूलला द्या. तेव्हा चंकसाइज १ ठेवा, नाहीतर गटांचेही गट होतात.